दरख्वास्त

उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही आठवीच्या मुलांना दरख्वास्त लिहायला शिकवतो. तिचा नमुना ठरलेला आहे. वर 'ब-खिदमत जनाब हेडमास्टर साहब', मग 'मोअद्दबाना गुजारिश है कि', मध्ये ताप किंवा मामूंचं लग्न, आणि शेवटी 'ऐन नवाजिश होगी'. मराठी शाळेतल्या अर्जातही 'ही नम्र विनंती' असतेच. पण आमच्या नमुन्यात मान जरा जास्तच खाली घातलेली असते. बारा वर्षं मी हा नमुना फळ्यावर लिहीत आले आहे. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. हेडमास्तरांकडे रजा मागताना अदब हवीच.

पण २०२५च्या जानेवारीत माझ्या धाकट्या बहिणीनं सर्वोच्च न्यायालयातल्या लॉ क्लर्कच्या कामासाठी अर्ज भरला. घरात आम्ही तिला छोटी म्हणतो. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती. त्या अर्जाच्या निमित्तानं आमच्या घरात जे दोन-तीन महिने गेले, त्याबद्दल लिहावंसं वाटतं. आपल्या मोहल्ल्यांतल्या मुली आता कायद्याच्या कॉलेजात जाताना दिसतात. पण कॉलेजातून बाहेर पडल्यावर कोणती दारं आहेत, त्यांच्या कड्या कुठे आहेत, हे सांगणारं माणूस घरात नसतं. आमच्याही नव्हतं.

पहिला घोटाळा शब्दानंच केला. छोटीनं जेवताना सांगितलं, ''अम्मी, मैं लॉ क्लर्क का फॉर्म भररी.'' अम्मीचा हात थांबला. ''इत्ता पढके कारकून बनेगी?'' तिच्या डोळ्यांसमोर तहसील कचेरीतला, पान खाऊन 'साहेब जागेवर नाहीत' असं सांगणारा क्लर्क उभा राहिला असणार. अब्बा एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनाही क्लर्क म्हटल्यावर हजेरी मांडणारा बाबूच आठवला.

हा क्लर्क वेगळा. न्यायमूर्तींच्या हाताखाली वर्षभर कराराने काम करणारा हा नवा कायदा पदवीधर. त्याचं पूर्ण नाव 'लॉ क्लर्क-कम-रिसर्च असोसिएट'. सर्वोच्च न्यायालयात सोमवारी आणि शुक्रवारी नवी प्रकरणं दाखल करून घ्यायची की नाही हे ठरवण्यासाठी मांडली जातात. एकेका न्यायपीठासमोर अशी ढिगानं प्रकरणं येतात. त्यांची बाडं आदल्या दिवसांत वाचून काढायची, प्रत्येकाचा थोडक्यात गोषवारा करायचा, खालच्या न्यायालयांनी काय म्हटलं ते लिहायचं, पूर्वीचे निकाल शोधून द्यायचे, निकालाचा मसुदा तयार झाला की त्यातले संदर्भ तपासायचे. न्यायमूर्तींच्या दालनात जे ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही. आणि हे काम चालू असताना वकिली करायची नाही.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. होरेस ग्रे नावाचे न्यायाधीश मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात असताना १८७५पासून हार्वर्डचा एकेक ताजा पदवीधर मदतीला घेऊ लागले. १८८२ साली ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हाही ही प्रथा त्यांनी सोबत नेली, आणि सुरुवातीला त्या मुलाचा पगार स्वतःच्या खिशातून दिला. म्हणजे या कामाचा उगम एका माणसाच्या ओळखीत आणि पसंतीत आहे. सर पोराला ओळखतात, न्यायाधीश सरांना ओळखतात, झालं काम. ज्यांच्या ओळखीत असे सर नसतात त्यांचं काय, हा प्रश्न तेव्हापासून या कामाला चिकटलेला आहे.

छोटी कायद्याकडे का वळली, हे सांगायला हवं. आजोबांच्या राहत्या घराचा दावा अकरा वर्षं कोर्टात होता. अब्बा तारखेला जायचे तेव्हा कधी कधी तिला सोबत न्यायचे. त्यांची पिशवी ती धरायची. शेवटी निकाल लागला. वकिलांच्या माणसानं सांगितलं, ''मामू, जिंकलात.'' अब्बांनी पेढे वाटले. निकालाची नक्कल घरी आली ती इंग्रजीत. पंचवीस-तीस पानं. अकरा वर्षं ज्या कागदाची वाट पाहिली, तो कागद घरातल्या एकालाही वाचता येईना. मी तेव्हा बी.एड. करत होते. मलाही त्यातली वाक्यं लागेनात. छोटी नऊ-दहा वर्षांची होती. तिनं अब्बांना विचारलं, ''अब्बा, आपन क्यों जीते?'' अब्बांना उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, ''अल्लाह का करम.'' तेही खरंच. पण त्या कागदात काही कारणं लिहिली होती आणि ती आम्हाला ठाऊक नव्हती. छोटीनं कायद्याच्या पहिल्या वर्षाला गेल्यावर सगळ्यात आधी तो निकाल ट्रंकेतून काढून वाचला, आणि अब्बांना समोर बसवून समजावून सांगितला. अब्बा दोन वेळा म्हणाले, ''अच्छा, ये बात थी!''

सर्वोच्च न्यायालयाची ती जाहिरात तिला फोनवर दिसली. अर्ज भरायची मुदत १४ जानेवारी ते ७ फेब्रुवारी २०२५. जागा सुमारे ९०. वय २० ते ३२. मानधन दरमहा ८०,००० रुपये. अर्जाचं शुल्क ५०० रुपये. पदवी बार कौन्सिलनं मान्य केलेल्या कोणत्याही कॉलेजची चालेल, आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातली तिसऱ्या वर्षाची किंवा पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातली पाचव्या वर्षाची मुलंही अर्ज करू शकतात, फक्त कामावर रुजू होण्याआधी पदवीचा पुरावा द्यायचा. निवड तीन टप्प्यांत. आधी पर्यायी उत्तरांची परीक्षा, मग लेखी उत्तरांची, शेवटी मुलाखत. पहिल्या दोन्ही परीक्षा एकाच दिवशी, ९ मार्चला, देशातल्या २३ शहरांत.

ती मानधनाची रक्कम वाचून अम्मी गप्प झाली. कारकून हा शब्द घरात पुन्हा निघाला नाही.

कॉलेजात छोटीनं एका अध्यापकांना जाहिरात दाखवली. त्यांनी ती नीट वाचलीही नाही. म्हणाले, ''हे बेंगळुरू-दिल्लीच्या लॉ स्कूलवाल्यांसाठी असतं. तू आपलं जिल्ह्यातल्या वकिलांकडे बस.'' त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. आजूबाजूला जे पाहिलं त्यावरून ते बोलले. पण जाहिरातीत 'कोणतंही मान्यताप्राप्त कॉलेज' असे शब्द छापलेले होते. छापलेलं एक आणि माणसं सांगतात ते दुसरं, यातलं अंतर हीच आपल्या मुलांपुढची पहिली भिंत असते. मुलं भिंतीपर्यंत जातच नाहीत. 'तिथे भिंत आहे' असं ऐकूनच परत फिरतात.

त्या रात्री छोटी मला म्हणाली, ''बाजी, मेरे पास लिखने जैसा कुछ हैच नै.'' तिचं दहावीपर्यंतचं शिक्षण उर्दूत, बी.ए. मराठीत, कायद्याच्या पहिल्या वर्षाचे पेपरही मराठीतून लिहिलेले. नंतर ती इंग्रजीकडे वळली. कुठल्या मोठ्या वकिलांकडे उमेदवारी नाही, कुठल्या नियतकालिकात लेख नाही, वादस्पर्धेत एकदा जिल्हा पातळीवर बक्षीस. मी तिला म्हटलं, दरख्वास्त लिहायला बसल्यासारखी बसू नकोस. 'नवाजिश' मागायची नाहीये. त्यांनी विचारलंय, तुला काय येतं. ते सांग.

हे बोलताना मला बी.एड.च्या वर्गातला एक तास आठवत होता. तिथे शिकवलं होतं की मुलाला काय येत नाही याची यादी कुणीही करील, शिक्षकानं काय येतं त्याची करावी. आम्ही वहीत यादी केली. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी वाचता-लिहिता येतं. जुने मोडक्या अक्षरातले दस्तऐवज वाचता येतात, कारण आजोबांचे कागद तिनं लावले होते. विधी सेवा शिबिरात तिनं बायकांचे पोटगीचे अर्ज लिहून दिले होते. बावीस का तेवीस. हे तिच्या हिशेबी काहीच नव्हतं. माझ्या हिशेबी, दुसऱ्याची गुंतागुंतीची हकिगत ऐकून दोन पानांत बसवणं, यालाच तर ते लोक गोषवारा म्हणत होते.

मग नावाचा प्रश्न आला. हे दुखणं आपल्या घराघरात आहे म्हणून जरा विस्तारानं लिहिते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आमच्या 'शेख'चं इंग्रजी स्पेलिंग एक, आधार कार्डावर दुसरं, बी.ए.च्या पदवीवर तिसरं. एके ठिकाणी शेख आधी, एके ठिकाणी शेवटी. शाळेत नाव घालताना कुणी लिहिलं, कसं लिहिलं, कुणी विचारलं? अर्ज तर संगणकावर भरायचा. तिथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं की परीक्षाकेंद्राच्या दारात अडवतील ही भीती. छोटीनं अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भरलं, आधार केंद्रावर दोन दिवस रांगेत उभं राहून आधार त्याप्रमाणे करून घेतलं आणि पदवीसाठी प्रतिज्ञापत्र केलं. ते करताना ती हसून म्हणाली, ''बाजी, इसकू अपन हलफनामा बोलते. कोर्ट में भी पैले वोइच बोलते थे.'' मी आता शाळेत पहिलीच्या प्रवेशालाच आई-वडिलांना समोर बसवून इंग्रजी स्पेलिंग ठरवून घेते. पंधरा मिनिटं जातात. पंधरा वर्षांनी कुणाचे तरी पंधरा दिवस वाचतील.

याच महिन्यात एक स्थळ आलं. चांगलं घर, मुलगा इंजिनियर, पुण्यात नोकरीला. त्यांना मुलगी वकील आहे हे आवडलं होतं. दिल्लीचं ऐकून मुलाच्या आईचा चेहरा उतरला. ''एक साल अकेली रहेगी? और वो भी जज साहब के घर पे काम?'' 'दालन' आणि 'घर' यात त्यांची गल्लत झाली होती. अम्मी रात्री मला म्हणाली, ''मिली तो नौकरी, नै मिली तो रिश्ता भी गया. तू समझा उसकू.'' मी समजावलं नाही. मी स्वतः 'मुलीला मास्तरकी बरी, सुट्ट्या असतात, दुपारी घरी येते' या हिशेबानं बी.एड. झाले आणि मला माझं काम मनापासून आवडतं. पण तो हिशेब माझ्यासाठी दुसऱ्यांनी केला होता. छोटीचा हिशेब छोटीनं करावा असं मला वाटत होतं.

अम्मीला पटवलं ते छोटीनंच. तिनं फातिमा बीवींची गोष्ट सांगितली. केरळातल्या एका मुस्लिम घरातली मुलगी. तिरुवनंतपुरमच्या कॉलेजात कायदा शिकली, १९५० साली बार कौन्सिलच्या परीक्षेत पहिली आली, खालच्या न्यायालयापासून एकेक पायरी चढत १९८९मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाची पहिली स्त्री न्यायमूर्ती झाली. नोव्हेंबर २०२३मध्ये त्या वारल्या. अम्मीनं विचारलं, ''बुरखा ओढती थी?'' छोटी म्हणाली, ''सर पे पल्लू रहता था, फोटो में देखी मैं.'' अम्मी थोडा वेळ तो फोटो पाहत राहिली. मग म्हणाली, ''फॉर्म भर दे. पैसे मैं देती.'' अब्बांनी स्थळाच्या लोकांना कळवलं की मार्चपर्यंत थांबावं. त्यांच्याकडून पुन्हा फोन आला नाही.

अभ्यासाची अडचण वेगळीच होती. जाहिरातीत लिहिलं होतं की उमेदवाराला ई-एससीआर, मनुपत्र, एससीसी ऑनलाइन अशा ठिकाणी निकाल शोधता यायला हवेत. यातल्या खासगी सेवांना वर्गणी लागते. तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्या नव्हत्या. पण ई-एससीआर ही सर्वोच्च न्यायालयाची स्वतःची सोय आहे, जानेवारी २०२३मध्ये सुरू झालेली, आणि ती फुकट आहे. तिथे न्यायालयाचे छापील अहवालातले निकाल शोधून वाचता येतात. शिवाय न्यायालय आपल्या निकालांची भाषांतरंही देतं, मराठीत आणि उर्दूतही. हे कळल्यावर मला जेवढा आनंद झाला तेवढा छोटीलाही झाला नसेल. अब्बांच्या दाव्याच्या वेळी हे असतं तर!

रोज इशाच्या नमाजनंतर आम्ही बसायचो. मला कायद्यातलं काही कळत नाही, पण सारांशलेखन बारा वर्षं शिकवलं आहे. आमच्या पुस्तकात त्याला तलखीस म्हणतात. ती फोनवर एक निकाल वाचायची आणि मला एका पानात लिहून दाखवायची. मी पाच प्रश्न विचारायची. काय घडलं? भांडण नेमकं कशावर? हा काय म्हणतो, तो काय म्हणतो? न्यायालयानं काय ठरवलं? का ठरवलं? सुरुवातीला तिचं 'काय घडलं'च एक पान खायचं. मी म्हणायची, माझ्यासारख्या अडाण्याला पाच मिनिटांत समजलं पाहिजे, बाकी काप. महिनाभरात तिचे गोषवारे असे झाले की मला निकाल न वाचताच त्यावर वाद घालता येऊ लागला. इंग्रजी व्याकरणाच्या चुका मात्र जाता जात नव्हत्या. डोकं उर्दूत विचार करत होतं, बोलणं दखनीत, वर्ग मराठीत, कागद इंग्रजीत. एवढे जिने चढून वाक्य वर यायचं तेव्हा दमलेलं असायचं.

परीक्षेचा दिवस आठव्या रोज्याचा होता. रमजान २ मार्चला सुरू झाला होता. केंद्र मुंबईचं घेतलं होतं, कारण खाला कुर्ल्याला राहते. शुक्रवारी रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालो. पहाटे कर्जतच्या आसपास बर्थवर बसून सहरी केली. चपात्या, अंड्याची भुर्जी, खजूर, थर्मासमधला चहा. समोरच्या बर्थवरच्या मोहोळच्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, ''पोरी, आता दिवसभर पाणीबी नाही का? मग परीक्षा कशी द्यायची गं?'' छोटी म्हणाली, ''सवय आहे आजी.'' आजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

रविवारी केंद्राबाहेर मी दिवसभर एका झाडाखाली बसले. आजूबाजूला मुलं-मुली इंग्रजीत बोलत होती, हसत होती. एकमेकांना ओळखत होती. कुणी कुठल्या न्यायमूर्तींकडे इंटर्नशिप केली ते सांगत होतं. छोटी एकटी कोपऱ्यात तिची वही उघडून उभी होती. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं नाही. आमच्या शाळेची मुलं पहिल्यांदा तालुक्याच्या स्पर्धेला जातात तेव्हा अशीच उभी राहतात. दुसऱ्या वर्षी तीच मुलं नव्या मुलांना 'पाणी कुठे मिळतं' ते दाखवतात. संध्याकाळी ती बाहेर आली. पहिला पेपर बरा गेला म्हणाली, लेखी पेपरात वेळ पुरला नाही. खालाकडे इफ्तारला खजूर तोंडात टाकल्यावर म्हणाली, ''बाजी, मेरेकू सब समझा. लिखने को हाथ कम पडा.''

निकाल आला. पहिला टप्पा ती पार झाली होती. मुलाखतीच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

दोन दिवस घरात कुणी त्यावर बोललं नाही. रमजान संपला, ईद झाली. १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव लिहिलेलं होतं. एका माजी नगरसेविकेनं त्याला हरकत घेतली होती. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी ती हरकत फेटाळली. मराठीसोबत उर्दूचा वापर करायला २०२२च्या राज्याच्या कायद्यात मनाई नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं त्यांनी सांगितलं. कोर्टाची भाषाच पाहा म्हणाले. अदालत, हलफनामा, पेशी, वकालतनामा हे सगळे शब्द उर्दूतून आलेले.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत दिवसभर त्याचीच चर्चा होती. पण कुणी निकाल वाचलेला नव्हता. सगळं फोनवर आलेल्या चार ओळींवर चाललं होतं. मी छोटीला म्हटलं, आमच्या मुलांसाठी एक पान करून दे, उर्दूत. तिनं रात्री बसून केलं. काय घडलं, भांडण कशावर, हा काय म्हणतो, तो काय म्हणतो, काय ठरलं, का ठरलं. मी ते नववीच्या वर्गात वाचलं. एका मुलानं विचारलं, ''मिस, वो बाई हार गई तो उनको सजा हुई क्या?'' मी म्हटलं, नाही, त्यांनी विचारलं, न्यायालयानं उत्तर दिलं. विचारल्याबद्दल सजा होत नसते. मुलगा विचार करत राहिला. आपल्या मुलांना हे वेगळं करून सांगावं लागतं, हेही त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं.

पुढच्या महिन्यात, २० मे २०२५ रोजी आणखी एक निकाल आला. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदाच्या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षांची वकिली हवी, ही जुनी अट सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा आणली. सरन्यायाधीश तेव्हा भूषण गवई होते. अमरावतीच्या पालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले. या निकालात एक ओळ अशी होती की न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही त्या तीन वर्षांत धरावं. ज्या मुलीला न्यायाधीश व्हायचं आहे, जिच्या मागे वकिलांचं घराणं नाही, पहिल्या वर्षी जिला पक्षकार मिळणार नाहीत, तिच्यासाठी ही ओळ किती मोलाची आहे, हे वेगळं सांगायला नको. त्या दिवशी घरात लॉ क्लर्कचा विषय पुन्हा निघाला. या वेळी तो अब्बांनी काढला.

इथे मला एक परदेशातली गोष्ट सांगाविशी वाटते, कारण ती शिक्षकांसाठी आहे. अमेरिकेच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग १९५९ साली कोलंबिया विद्यापीठातून कायद्याच्या पदवीत संयुक्तपणे पहिल्या आल्या. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याकडे त्यांची शिफारस झाली. याच फ्रँकफर्टरांनी १९४८ साली विल्यम कोलमन या कृष्णवर्णीय तरुणाला क्लर्क म्हणून घेतलं होतं, तिथल्या सर्वोच्च न्यायालयातला असा पहिलाच. पण बाईला घ्यायला ते तयार झाले नाहीत. मग जेराल्ड गुंथर नावाचे त्यांचे प्राध्यापक पामिएरी या जिल्हा न्यायाधीशांच्या मागे लागले. हिला घ्या, नाही जमलं तर बदली माणूस मी देतो. आणि तिला संधीच दिली नाहीत तर यापुढे कोलंबियातून तुमच्याकडे कुणाला पाठवणार नाही. पामिएरींनी घेतलं. १९९३ साली गिन्सबर्ग स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीलाही दार उघडायला कुणीतरी खांदा लावावा लागला. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांत असे गुंथर हवेत. जाहिरात न वाचताच 'हे तुझ्यासाठी नाही' म्हणणारे खूप झाले.

परीक्षा आणल्यामुळे ओळखीचा वाटा कमी होतो, हे खरं. ज्याला कुणी ओळखत नाही त्याचाही पेपर तपासला जातो. पण परीक्षेची भाषा, वेग, सराव हे सगळं आधीच कुणाच्या तरी घरात जास्त असतं. पेपर तीन तासांत सगळ्यांना सारखा मिळतो, तयारी वीस वर्षांत सारखी मिळालेली नसते. म्हणून छोटी नापास झाली असं मी म्हणत नाही, आणि व्यवस्थेनं तिला डावललं असंही म्हणत नाही. ती एका टप्प्यापर्यंत पोचली आणि पुढचा टप्पा कुठे आहे ते तिला दिसलं.

२०२५च्या पावसाळ्यात ती एलएल.बी. झाली, पहिल्याच प्रयत्नात. हे 'पहिल्याच प्रयत्नात' मी मुद्दाम लिहिते. मुंबई उच्च न्यायालयही लॉ क्लर्क घेतं. २०२५च्या जानेवारीतल्या त्यांच्या जाहिरातीत ६४ जागा होत्या, मानधन दरमहा ६५,००० रुपये, आणि अट अशी की अंतिम परीक्षा पहिल्या प्रयत्नात किमान ५५ टक्के गुणांनी पास झालेली हवी. तेव्हा छोटी शिकत होती, म्हणून तिला तो अर्ज करता आला नाही. पण अट माहीत होती, म्हणून शेवटच्या सत्रात ती जिवाच्या आकांतानं अभ्यासाला बसली. अटी वर्षभर आधी माहीत असण्याचा फायदा हा असा असतो. सनद घ्यायला पूर्वी राज्याराज्यांत पंधरा-वीस हजारांच्या घरात पैसे मोजावे लागायचे. ३० जुलै २०२४च्या निकालानं सर्वसाधारण उमेदवाराचं नोंदणीशुल्क ७५० रुपयांवर आणलं. हेही आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. एका मुलानं तर पैशांअभावी सनदच घेतली नव्हती. छोटीनं त्याला तो निकाल काढून दिला.

आता ती जिल्हा न्यायालयात एका वकीलबाईंकडे जाते. सकाळी कोर्ट, संध्याकाळी घड्याळ लावून इंग्रजी गोषवारा. चाळीस मिनिटांत एक पान. हात कमी पडला होता ना, तो वाढवते आहे. शुक्रवारी रात्री मोहल्ल्यातली दोन मुलं आणि तीन मुली तिच्याकडे येतात. त्यातल्या एकीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर दोन वेगळी नावं आहेत. पहिलं काम तेच चाललं आहे.

आणि मी आठवीच्या वर्गात दरख्वास्तीचा जुना नमुना शिकवून झाला की फळ्याची दुसरी बाजू पुसून घेते. तिथे दुसरा नमुना लिहिते. त्यात 'ऐन नवाजिश होगी' नाही. 'मेरी तालीम ये है, मुझे ये काम आता है, मैंने ये किया है' अशी तीन वाक्यं आहेत. मुलांना पहिली दोन जमतात. तिसऱ्या वाक्याशी ती पेन चावत बसतात, कारण आपण काहीतरी केलं आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मग मी एकेकाला विचारते. घरात दुकान कोण सांभाळतं? दादीच्या औषधांच्या वेळा कुणाला पाठ आहेत? रेशनचा फॉर्म कुणी भरला? हात वर व्हायला लागतात.